कंबर दुखते, पण गाडी चपळच हवी: चारशे सीसीच्या गाड्या पाठीच्या नजरेतून

कंबर दुखते म्हटलं की शोरूममध्ये हमखास सांगतात, ताठ बसायची गाडी घ्या. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. खुर्चीत बसल्यासारखं अगदी ताठ बसलं की मागच्या चाकाचा प्रत्येक धक्का सीटमधून माकडहाडात आणि तिथून सरळ मणक्यांच्या रांगेत चढतो. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असतात, तिथे तर खड्डा आधी दिसला तरी पायांवर भार घेऊन सीटवरून दोन बोटं उठता येत नाही. दुसऱ्या टोकाला यामाहा आर१५सारख्या खाली हँडल असलेल्या गाड्या. त्यांवर मान वर ताणलेली, मनगटांवर भार आणि कंबर सतत वाकलेली. पाठीला मानवते ती या दोन्हींच्या मधली बैठक: धड किंचित पुढे झुकलेलं, कोपरं सैल, फूटरेस्ट खुब्याच्या खाली किंवा जराशी मागे. नेकेड रोडस्टर (इंजिन उघडं, पुढे मोठं प्लास्टिक कव्हर नसलेल्या) गाड्यांची बैठक साधारण अशीच असते, म्हणून कंबर दुखते तेवढ्यावरून स्पोर्टी गाडीचा विचार सोडायचं कारण नाही.

मात्र हे झुकणं खुब्यातून व्हायला हवं, कंबरेतून नव्हे. शोरूममध्ये हे दोन मिनिटांत तपासता येतं. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा, हँडल धरा आणि सोबतच्या माणसाला बाजूने मोबाइलवर फोटो काढायला सांगा. कमरेचा आतला बाक टिकून असेल तर ठीक. तो सपाट झाला असेल किंवा पाठ धनुष्यासारखी बाहेर गोल झाली असेल, तर हँडल लांब आहे किंवा गुडघे फार दुमडले आहेत. गुडघे जास्त दुमडून वर आले की कटी (कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) मागे कलंडते आणि कमरेचा बाक जातो, म्हणून उंच माणसाला बुटकी गाडी अनेकदा जास्त छळते. आता हात हँडलवरून अलगद उचला आणि दहा आकडे मोजा. पोट आवळल्याशिवाय धड जागेवर राहिलं तर बैठक जमली. पुढे कोसळायला झालं तर तो भार रोज तासभर पाठीचे स्नायूच ओढणार.

गाडीच्या आधी आपलं दुखणं कसं आहे तेही समजून घ्यायला हवं. पुढे वाकल्यावर, बराच वेळ बसल्यावर कळ वाढत असेल तर बहुधा मणक्यांमधल्या गादीची तक्रार असते. अशा माणसाला रुंद, जवळ येणारं हँडल आणि कमरेचा बाक टिकवणारी बैठक लागते. याउलट उभं राहिल्यावर, मागे वाकल्यावर दुखतं आणि पुढे झुकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर थोडी जास्त झुकाव असलेली गाडीही चालून जाते. नक्की काय आहे ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. पायात मुंग्या येत असतील, पंजा उचलताना ताकद कमी पडत असेल तर गाडीचा विषय बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, यात हयगय नको.

आता गाड्यांकडे वळू.

ट्रायम्फ स्पीड ४०० ही बहुतेकांसाठी पहिली पसंती. जुलै २०२३ मध्ये आलेली ही गाडी चाकणला बजाज बनवते. ३९८ सीसी, ताकद ४० पीएस, वजन १७६ किलो. हँडल रुंद, धड जेमतेम झुकतं, गुडघ्यांना जागा मिळते. पाठीच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल २०२५च्या मॉडेलमध्ये झाला: सीटचा फोम १० मिमी जाड केला आणि सीटची उंची ७९० वरून ८०३ मिमी झाली. जुनी गाडी घेताना हे साल नक्की पाहा. पाच फूट आठच्या पुढच्या माणसाला या वाढलेल्या उंचीने गुडघ्याचा कोन मोकळा होतो. उणीव सस्पेन्शनमध्ये आहे. चाकाची वर-खाली हालचाल पुढे १४० आणि मागे १३० मिमी एवढीच आणि सेटिंग म्हणाल तर फक्त मागच्या प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचं. गुळगुळीत रस्त्यावर छान, पण तुटक्या डांबराच्या धारदार कडेवर मागून टोचणारा धक्का येतो. सेटिंगने तो कमी होतो, संपत नाही. इंजिन मात्र खालच्या आरपीएमलाही गचके न देता ओढतं, आणि शहरातल्या रांगेत हे पाठीला फार उपयोगी पडतं. कारण प्रत्येक गचक्याला धड मागे-पुढे सावरायचं काम कंबरच करते.

केटीएम ३९० ड्यूकची तिसरी पिढी, ३९९ सीसीची, सस्पेन्शनमध्ये पुढे आहे. पुढे-मागे १५० मिमी हालचाल, पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या नळ्यांना) कम्प्रेशन (दबतानाचा रोध) आणि रिबाउंड (परत वर येतानाचा रोध) दोन्हींचं सेटिंग, मागे रिबाउंड आणि प्रीलोड. वजनही १६८ किलोच्या आसपास. बैठक स्पीड ४००पेक्षा थोडी जास्त पुढे झुकवणारी, सीट टणक, फूटरेस्ट जराशी मागे. जो माणूस स्क्रू फिरवून, त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून, स्क्रू किती क्लिक (खाचा) फिरवला ते वहीत लिहून ठेवेल त्याच्यासाठी ही गाडी सोनं आहे. जो आणली तशीच चालवणार, त्याने स्पीड ४०० घ्यावी.

रॉयल एनफिल्ड गुरिला ४५० जुलै २०२४ची. ४५२ सीसी, टॉर्क (ओढण्याची ताकद) ४० एनएम, मागे १५० मिमी हालचाल. सीट ७८० मिमी, म्हणून साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसाचे दोन्ही तळवे टेकतात. १८५ किलोची गाडी पार्किंगमध्ये सावरताना हे फार मोलाचं. सहा फुटी माणसाने मात्र वर सांगितलेला फोटो काढल्याशिवाय बुकिंग करू नये, त्याचे गुडघे दुमडतात.

टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० आणि बजाज पल्सर एनएस४००झेड पैशाच्या मानाने जोरदार गाड्या आहेत, पण दोन्हींचा कल ताठ बसण्यापेक्षा पुढे झुकण्याकडे. अपाचे घ्यायचीच असेल तर सेटिंगवालं सस्पेन्शन देणारं डायनॅमिक किट घ्या. तिच्या ३१२ सीसीचा एक फायदा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के जीएसटी आहे. कर वाचला तर ते पैसे चांगल्या सीटवर लावा.

आणि ज्यांची रोजची वाट खरोखर उखडलेली आहे त्यांनी रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४५० एकदा चालवून पाहावीच. ती स्पोर्टी म्हणता येणार नाही, पण दोन्ही चाकांना २०० मिमी हालचाल आहे आणि खड्ड्यात त्याचा फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतो. अडचण दोन जागी येते: सीट ८२५ मिमी, वजन १९६ किलो. धावताना वाचवलेली पाठ गाडी गल्लीत वळवताना उसण भरून घेऊ शकते.

टेस्ट राइड मागताना अर्धा तास मागा. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरची एक फेरी पाठीबद्दल काहीच सांगत नाही. मार्गात पेव्हर ब्लॉकचा तुकडा हवा, ताशी २० ते २५ने ओलांडायचे दोन-चार स्पीडब्रेकर हवेत आणि ८०च्या वेगाने सलग दहा-पंधरा मिनिटं हवीत.  मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने तिथला लांबचा पल्ला जुन्या महामार्गानेच पडणार, म्हणून तोच रस्ता कसोटीला योग्य. स्पीडब्रेकर एकदा बसून आणि एकदा फूटरेस्टवर किंचित उठून ओलांडा. उठताना हँडलला लटकावं लागलं तर फूटरेस्ट तुमच्यासाठी चुकीच्या जागी आहेत. आणि निर्णय लगेच घेऊ नका, कमरेचं खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना मिळतं.

गाडी घरी आल्यावर पहिलं काम मागचा शॉकअप लावून घेणं. पाठदुखीवाल्यांचे निम्मे हाल इथे होतात, आणि दोष सीटला जातो. अनेक गाड्या दोन माणसांचा विचार करून कडक प्रीलोडवर ठेवलेल्या असतात. साठ-पासष्ट किलोचा एकटा माणूस बसला की स्प्रिंग दबतच नाही, आणि खड्ड्यातून वर येताना सीट खालून लाथ मारते. उलट शंभर किलोच्या माणसाखाली सैल स्प्रिंग पूर्ण दबून तळाला आपटते. ती आपट पाठीला सगळ्यात घातक. म्हणून सॅग मोजा, म्हणजे आपल्या वजनाने गाडी किती दबते ते पाहा. दोघांनी मागून गाडी उचलून चाक पूर्ण खाली लोंबू द्यायचं, आणि मागच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करून टेपने अंतर घ्यायचं. मग हेल्मेट-जॅकेटसह बसून, पाय फूटरेस्टवर ठेवून, एकाने पुढून गाडी धरलेली असताना तेच अंतर पुन्हा घ्यायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. १३० ते १५० मिमी हालचालीच्या गाडीत ३० ते ४० मिमी आला पाहिजे. २० आला तर सी-स्पॅनरने (आकडीच्या पान्याने) प्रीलोडची रिंग एक खाच सैल करा, ५० आला तर एक खाच घट्ट. एका वेळी एकच खाच, आणि दरवेळी तोच स्पीडब्रेकर, तोच वेग. ड्यूकसारख्या गाडीत धक्क्यानंतर सीट दोनदा डुलत असेल तर रिबाउंड एक क्लिक वाढवा. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खाली बसत जात असेल तर एक कमी करा.

टायरची हवा तितकीच महत्त्वाची. पंपावर घाईत ४० पीएसआय भरली की महागडं सस्पेन्शनही दगड होतं. साखळीच्या कव्हरजवळच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेला आकडा, टायर थंड असताना.

सीट बदलताना मऊपणाच्या मोहात पडू नका. मऊ फोम दुकानात छान वाटतो, अर्ध्या तासात दबून खालचं प्लास्टिक टोचायला लागतं. सीटवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: घट्ट फोम ठेव, आणि पुढचा उतार भरून काढ. सीट टाकीकडे उतरती असली की माणूस घसरत पुढे जातो, कटी कलंडते आणि दर पाच मिनिटांनी मागे सरकताना कंबर पिरगळते. पुढच्या बाजूला १० ते १५ मिमीचा थर पुष्कळ होतो. हवेची गादी वापरणार असाल तर बसल्यावर हवा सोडत जा आणि सीटपासून बोटभर वर राहाल इतकीच ठेवा. टम्म फुगवलेली गादी चेंडूसारखी उडवते.

हँडल जवळ आणायला २० ते ३० मिमीचे रायझर (हँडलखाली बसवायचे ठोकळे) पुरतात. आधी मूळ हँडलच क्लॅम्पमध्ये थोडं आपल्याकडे फिरवून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. काहीही बदललं की हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून क्लचची केबल, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग ताणलं जात नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळून घ्या.

चालवण्याइतकीच इजा गाडी हलवताना होते. बाजूला उभं राहून, कंबर वळवून १८० किलो मागे ओढणं टाळा. पार्किंगमध्ये गाडी उताराकडे तोंड करून लावली की काढताना चढावर ओढावी लागते, म्हणून लावतानाच मागे घ्या. सीटवर बसून दोन्ही पायांनी मागे सरकवणं सगळ्यात सुरक्षित, आणि त्यासाठीच सीटची उंची पाहायची. डबल स्टँडचा हट्ट धरू नका, पाठदुखीत साइड स्टँड बरा. मागे उंच बॉक्स लावला तर पाय फिरवताना खुबा अडतो. आधी गुडघा दुमडून सीटवरून पलीकडे काढा, मग पाय सोडा. लॅपटॉपची पिशवी पाठीवर नको, टाकीवरच्या किंवा मागच्या बॅगेत जाऊ द्या. गाडी पडली तर एकट्याने उचलू नका.

नव्या गाडीचा फोम पहिल्या काही आठवड्यांत बसतो आणि शॉकअपही मोकळा होतो. पहिली सर्व्हिसिंग झाली की चिकटपट्टीची ती खूण शोधा आणि सॅग पुन्हा मोजा.