चोडणची खारफुटी आणि मांडवीकाठच्या वाटा : काही महिने चालून झाल्यावर

पावसाळा सरल्यापासून रविवारची सकाळ आम्ही गोव्यात मांडवी नदीच्या काठी घालवतो. बरोबर सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार आई आणि पहिलीतली लेक असते. एकीला सपाट वाट आणि टेकायला जागा लागते, दुसरीला दर पाच मिनिटांनी काहीतरी नवं दिसायला लागतं. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात दोघींचंही भागलं, म्हणून त्याच्याबद्दलच जास्त लिहिते.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्यायची. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि लहान मुलांची सहल तिथूनच सुरू होते. पलीकडे उतरलं की अभयारण्याचं फाटक जवळच आहे. बेटाच्या पश्चिम टोकाची ही जागा 1988 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाली. क्षेत्रफळ जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. आतली वाट खारफुटीतून जाते. चढ नाही, अंतरही थोडं. ट्रेकिंगची हौस असलेल्याला ती अपुरी वाटेल. पण ज्या मुलाने डांबरी रस्ता सोडून कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्यासाठी मला ही लांबी अगदी बेताची वाटते. कंटाळा येण्याआधी वाट संपते आणि पुढच्या वेळी मूल आपण होऊन तयार होतं.

मात्र इथे घड्याळाआधी ओहोटी बघा. भरतीला सगळीकडे पाणी असतं, छान दिसतं, पण मुलांना बघण्यासारखं बरंचसं त्या पाण्याखाली गेलेलं असतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि मग लेकीला तिथून हलवणं कठीण जातं. निवट्या चिखलावर उड्या मारतात, मासा असून पाण्याबाहेर फिरतात. एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती नांगी वरखाली हलवत असतात. ते नर, मादीच्या दोन्ही नांग्या लहान. तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली दिसतात. चिखलात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून झाड श्वासासाठी मुळं वर काढतं. कांदळाच्या फांद्यांना लांब शेंगांसारखी दिसतात ती प्रत्यक्षात झाडावरच रुजलेली रोपं. हे सांगितल्यापासून लेक प्रत्येक झाडाखाली थांबून ‘बाळं’ शोधते.

ओहोटीची वेळ काढायला आईचा हिशेब कामी येतो. तिचं माहेर पेडण्याचं, घरची खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं. तिथे सगळे असंच मोजत : जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला भरती साधारण रात्री सव्वादोनला, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास पाणी उतरलेलं. नदीत अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, तो धरून चालावा. द्वितीया ते चतुर्थी या तिथींना, मग पक्ष कोणताही असो, सकाळची फेरी उत्तम जमते. चोडणलाही खाजनं आहेत. बांधातली मानस, म्हणजे पाणी अडवणारी दारं, भरतीला खाऱ्या पाण्याच्या रेट्याने बंद होते आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, हे आजीने नातीला बांधाकडे बोट दाखवून समजावलं. माझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ते तिच्या जास्त लक्षात राहिलं.

पक्षी बघायचे तर ऑक्टोबर ते मार्च. स्थलांतर करून आलेले तेव्हाच असतात. बगळे, खंड्या, ब्राह्मणी घार हे कायमचे. कॉलर्ड खंड्या पश्चिम किनाऱ्यावर सहज दिसत नाही, त्याच्यासाठी ही जागा नावाजलेली आहे. निळी पाठ आणि मानेभोवती पांढरा पट्टा ही त्याची खूण. तो दिसावा असं वाटत असेल तर हळू बोला. मोबाइलवर गाणी लावून आत येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तेवढा एक तास ती बंद ठेवा.

बरोबर पाणी आणि खाऊ घ्या, रिकामं पाकीट परत घरी न्या. अंगभर कपडे हवेत, डास चावतात. वाट ओलसर असली की शेवाळाने निसरडी होते, म्हणून आईला मी रबरी तळाचे बूट घेऊन दिले. चपलेपेक्षा तिला त्यांत फारच आधार वाटतो.

ज्या रविवारी गुडघे फार दुखतात त्या दिवशी आम्ही पणजीतल्या कांपालला जातो. कला अकादमीपासून मिरामारच्या दिशेने सावली आहे, बाकं आहेत, बाबागाडीही चालते. मुलांना खेळायला भगवान महावीर बालविहार आहे. रायबंदरचा जुना पूल, 1630 च्या दशकातला, मिठागरांमुळे देखणा आहे, पण वाहनं अगदी अंगाजवळून जातात. लहान मुलांना घेऊन मी तिथे चालणार नाही.

मुलं पक्की झाली की पुढची पायरी तांबडी सुर्ल. कदंबकालीन काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, शेजारून वाहणारी नदी आणि धबधब्याकडे जाणारी रानवाट. पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात आणि जळवा असतात, तेव्हा मुलांना नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत मात्र, चोडणला तासभर न कुरकुरता चालणारं मूल तिथे आरामात चालतं. आईला आम्ही देवळाच्या आवारात सावलीत बसवून जातो, आणि ती वाट तिच्या गुडघ्यांसाठी नाही हे आधीच सांगून ठेवते.