‘ऑटोमॅटिकला मीच असतोय’: ३,२२,८४८ रुपयांचं सॉफ्टवेअर

बिलिंगच्या सॉफ्टवेअरच्या नावाखाली एका कंपनीने आमचे किती बुडवले, तो आकडा आधीच सांगून टाकतो: ३,२२,८४८ रुपये. कंपनीचं नाव लिहू नका म्हणून वकिलांनी बजावलंय, नाहीतर फलक लिहून चौकात लावला असता. पार्टी पुण्याची आहे आणि आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात तिचं फिरणं अजून चालू आहे, म्हणून लिहितोय.

आमचं नट-बोल्टचं दुकान शिवाजी उद्यमनगरात, गोडाऊन शिरोलीला. माल जातो शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांना. २०२३-२४ ला उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आणि १ एप्रिल २०२४ पासून ई-इन्व्हॉइस गळ्यात पडलं. धंदेवाल्याला दिलेल्या प्रत्येक बिलाचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड सरकारी पोर्टलवरून काढायचा. त्यात आमची हिशेबाची टॅली जुनी, ईआरपी ९ वाली. माल येतो किलोवर, जातो नगावर. आठ बाय पंचवीसचा हेक्स बोल्ट किलोत किती बसतो हे गोडाऊनच्या पोरांना तोंडपाठ, पण संगणकाला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे स्टॉक कधी जुळायचा नाही. ऑर्डरी तीन जणांच्या व्हॉट्सअॅपवर विखुरलेल्या. अशा वेळी ‘सर, सगळं एका स्क्रीनवर, सगळं आपोआप’ म्हणत कुणी दारात आलं तर ऐकून घेणार नाही असा दुकानदार मला दाखवा.

कोटेशन असं होतं. ७ युजरचं ‘लाइफटाइम लायसन्स’, प्रत्येकी १८,००० प्रमाणे १,२६,०००. बसवणे आणि ट्रेनिंग १,१०,०००. टॅलीतला डेटा नव्यात आणणे ४५,०००. व्हॉट्सअॅप ऑटोमेशन ३६,०००. एकूण ३,१७,०००, वर १८ टक्के जीएसटी ५७,०६०, म्हणजे ३,७४,०६०. ऑर्डरबरोबर निम्मे, १,८७,०३० एनईएफटीने दिले. ‘गो लाइव्ह’ झाल्यावर ३० टक्के, १,१२,२१८. शिवाय ‘सरकारच्या डिजिटल योजनेतून निम्मे पैसे परत मिळतात, त्याची फाइल आम्ही करतो’ म्हणून २३,६०० वेगळे. अशी कुठली फाइल कुठेही गेलेली नाही. सबसिडीच्या फाइलचे पैसे आधी मागणारा माणूस दिसला की चहा पाजून वाटेला लावा.

लाइफटाइमचंही तेच. सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणार, त्या सर्व्हरचं भाडं दर महिन्याला कुणीतरी भरणार, मग लाइफटाइम कुणाच्या जिवावर?

आता तो डेमो. हा आठवला की अजून रात्री झोप उडते.

माझी अट एकच होती: माझ्या डोळ्यांसमोर आमचं खरं बिल करा आणि आयआरएन काढून दाखवा. मी काही डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत, हे लक्षात घ्या. डेमोसाठी म्हणून आमच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलचं लॉगिन त्याने आदल्या दिवशीच मागून घेतलं होतं. दुकानात काउंटरवर लॅपटॉप उघडला. त्या दिवशीचंच एक बिल होतं, वॉशर आणि नटचं, ११,८०० रुपयांचं. त्याने ते टाकलं, बटण दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. ‘सरकारी सर्व्हर आहे सर, दोन मिनिटं लागतात.’ बोलता बोलता त्याने मोबाइल काढला, अंगठ्याने काहीतरी टाइप केलं आणि मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला. मग पाऊसपाणी, मार्केट, उसाचा दर. पाचएक मिनिटांनी मोबाइल थरथरला. त्याने उचलून बघितला, पेज रिफ्रेश केलं आणि म्हणाला, ‘हा बघा, आला क्यूआर!’

मशिनने काम केलं तर मोबाइल कशाला वाजेल? आमच्या अकाउंटच्या ताई शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘मालक, पोर्टलवर मी टाकते तेव्हा तर लगेच येतं.’ मी म्हटलं, नवीन सिस्टिम आहे, पहिल्यांदा लागत असेल वेळ. माझ्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. समोर कोट घातलेला माणूस, हातात आयपॅड, तोंडात एपीआय आणि क्लाउड. आम्ही बोल्ट विकणारी माणसं, त्याच्या मोबाइलवर पाळत ठेवायला बसलो होतो काय?

तुम्ही मात्र ठेवा. डेमो त्याच्या लॅपटॉपवर बघू नका, तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या हाताने करायला लावा. त्याचा मोबाइल टेबलावर समोर सुलटा ठेवायला सांगा, राग आला तर येऊ दे.

दोन-अडीच महिने बरं चाललं. बिलं संध्याकाळपर्यंत आपोआप चढायची. मग जानेवारीतल्या एका शनिवारी एकाही बिलाला आयआरएन येईना. सपोर्टचा नंबर लावला तर एका पोराने उचलला, मागे हलगी वाजत होती. ‘दादा, मी गावाकडं आलोय, जत्रा हाय. लॅपटॉप न्हाई आणला. सोमवारी समदी बिलं चढवतो.’

मी विचारलं, ‘तू का चढवतोस? ऑटोमॅटिक आहे ना ते?’

तो बिचारा सरळ म्हणाला, ‘व्हय की. पण ऑटोमॅटिकला मीच असतोय.’

तर हे आमचं ऑटोमेशन. पुण्यात एका खोलीत पोरगा बसायचा, आमच्या लॉगिनने पोर्टल उघडायचा आणि आमची बिलं हाताने चढवायचा. आमच्याच नाही, अजून कितीतरी दुकानांची. त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही दोन महिन्यांचा पगार मिळालेला नव्हता. पण आमचा सगळा विक्रीचा कारभार एका अनोळखी पोराच्या लॅपटॉपवर उघडा पडला होता. पोर्टलचं मुख्य लॉगिन कुणालाही देऊ नका. सॉफ्टवेअरसाठी वेगळा एपीआय युजर, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरने वापरायचं लॉगिन, तयार करता येतो, तोच द्यायचा, म्हणजे हवा तेव्हा बंदही करता येतो.

आयआरएन नसेल तर ते बिल कायद्याने बिलच धरत नाहीत. शिरोलीच्या एका फाउंड्रीने आमचे २,१४,७६० अडवून ठेवले, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

मग भाच्याला बोलावलं. त्याने पासवर्ड रीसेट करून बघितला, तर आलेल्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात ‘ईआरपीनेक्स्ट’. ‘आमच्या टीमने चार वर्षं खपून बनवलेलं’ म्हणून विकलेलं हे सॉफ्टवेअर मुळात मुंबईच्या फ्रापे कंपनीचं. ओपन सोर्स, जीपीएल परवान्याखालचं, कुणीही फुकट उतरवून घ्यावं असं. ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे पैसे घेण्यात काही गैर नाही, प्रामाणिकपणे हे काम करणारे पुष्कळ आहेत. पण लोगो बदलून युजरमागे १८,००० लायसन्स? आणि गंमत बघा, किलोचं नगात रूपांतर त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. ई-इन्व्हॉइसची सोयही त्याला जोडता येते. या गड्याने ते जोडण्याचे कष्टही घेतले नाहीत, पोरगा स्वस्त पडला असणार.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात. ‘अनलिमिटेड मेसेज’ म्हणाला होता. अधिकृत मार्गाने असे मेसेज पाठवायचे तर व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटा पैसे घेते आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. याने दुकानाचा नंबर कुठल्यातरी चोरट्या सॉफ्टवेअरला जोडला. नंबर बॅन. सगळ्या गिऱ्हाइकांकडे असलेला, वडिलांच्या काळापासूनचा नंबर.

खरी मेख पुढे आहे. मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, आमचा डेटा द्या. आयटमची यादी, गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या, दराची पत्रकं. ताईंनी साफसूफ करून भरलेले ४,१०० आयटम होते. भाच्याने बघितलं तर एक्सेलमध्ये काढायची परवानगी आमच्या सातही युजरना मुद्दाम बंद केलेली. अॅडमिन त्यांचा, सर्व्हर त्यांच्या नावावर, डोमेन त्यांच्या नावावर. उत्तर आलं: राहिलेले ७४,८१२ भरा, शिवाय ‘डेटा रिलीज चार्जेस’ ६०,०००. पहिला हप्ता देण्याआधी विचारायचं ते हेच: माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये कसा निघतो, आत्ता काढून दाखव. डोमेन आणि सर्व्हरचं खातं आपल्या नावावर, आपल्या कार्डावर. आणि जुनी टॅली बंद करू नका. आम्ही ती बाजूला चालू ठेवली होती म्हणून आज दुकान उघडं आहे.

आता सरकारी दरबार.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. ओटीपी गेला का, लिंक दाबली का? नाही. मग हे सायबरमध्ये बसत नाही, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात साहेब म्हणाले, तुम्ही करार केला, पैसे स्वतः पाठवले, हे सिव्हिल मॅटर आहे. पार्टी पुण्याची, तिकडे जा. पुण्यात म्हणाले, व्यवहार कोल्हापुरात झाला, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घेतलीच पाहिजे असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात लिहिलंय. ते कलम मी मोबाइलवर दाखवलं तर हवालदार म्हणाले, ‘वकील हायसा काय?’ म्हणजे कायदा माहीत नसला तरी पंचाईत, असला तर त्याहून मोठी. न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली फसवणुकीचा अर्ज दिला, त्यावर पोच म्हणून शिक्का मिळाला. शिक्का छान उठलाय.

ग्राहक मंचात जाऊ म्हटलं, तर २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या सेवेचा ग्राहक हा ग्राहकच नाही. आम्ही पोटासाठीच धंदा करतो हो, पण ५ कोटींची उलाढाल म्हटल्यावर ते कोण मान्य करणार? लघुउद्योगांसाठी एमएसएमईचं समाधान पोर्टल आहे, ते फक्त ज्याची येणी अडकलीत त्या विक्रेत्यासाठी. फसलेल्या खरेदीदाराला सरकारने कुठला रकानाच ठेवलेला नाही.

जीएसटीवाल्यांकडची तर कथाच वेगळी. आमच्या ५७,०६० जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात, काही दिसेना. म्हणून त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द, आणि तीही आमच्या बिलाच्या आधीच! रद्द नंबरावर हा जीएसटी गोळा करत फिरतोय. मी पुरावा घेऊन गेलो, वाटलं खुर्ची देतील. तिथला पहिला प्रश्न: ‘तुम्ही क्रेडिट घेतलंय का? घेतलं असेल तर व्याजासकट उलटवा.’ हात दाखवून अवलक्षण. ताई २बी बघितल्याशिवाय क्रेडिट घेत नाहीत म्हणून वाचलो. त्या माणसाचं काय करणार, विचारलं. ‘चौकशी होईल.’ कधी, ते सांगणारा टेबलावर नव्हता.

हा नंबर तपासायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नोंदणी चालू आहे का, रिटर्न भरतोय का, सगळं दिसतं. पण जीएसटीचंच सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाचा जीएसटी नंबर बोगस असेल ही शंका कुणाला येईल?

रक्कम ३ लाखांच्या वर, म्हणून दावा व्यावसायिक न्यायालयात. त्याआधी कायद्याने मध्यस्थी सक्तीची. नोटीस गेली, पार्टी आलीच नाही, ‘समोरचा पक्ष हजर झाला नाही’ असा अहवाल माझ्या हातात दिला. हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. आता दावा दाखल होतोय.

तुमच्याकडे आलेल्या कोटेशनमध्ये ‘लाइफटाइम’, ‘अनलिमिटेड’ आणि सबसिडीची फाइल हे तिन्ही एकत्र असतील, आणि आयआरएन यायला पाच मिनिटं लागत असतील, तर तीच पार्टी समजा. त्या पोराने सांगितलेल्या दुकानांपैकी तिघांशी माझं बोलणं झालंय, एक सांगलीचे, दोन इचलकरंजीचे. दोघे लाजेपोटी पुढे यायला तयार नाहीत. ज्यांची बिलं तो पोरगा चढवत होता त्यांनी आपली बिलं आणि बँकेचे उतारे काढून ठेवा, पोर्टलचा पासवर्ड आजच बदला आणि मला कळवा. चार अर्ज एकदम पडले तर निदान ‘सिव्हिल मॅटर’ म्हणायला साहेबांना चार वेळा तोंड उघडावं लागेल.