लर्नर्स डिक्शनरी, आठ महिन्यांनंतर: अर्थापेक्षा कंस कामाचा

आठ महिन्यांपूर्वी एका मीटिंगमध्ये मी म्हणाले, "आय हॅव अ डाउट." परदेशी सहकारी क्षणभर गप्प झाला आणि मग आमचा बेत कसा पक्का आहे हे पाच मिनिटं समजावत बसला. मला फक्त एक तारीख विचारायची होती. आपली 'शंका' प्रश्नालाही चालते आणि संशयालाही. त्याला मात्र 'डाउट'मध्ये नुसता संशय ऐकू आला. घरी इंग्रजी-मराठी कोश उघडला तर 'डाउट: शंका, संशय'. म्हणजे माझं बरोबरच! त्याच आठवड्यात इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी घेतली, छापील, आणि जोडीला तिचंच ॲप.

पहिले दोन महिने ती चुकीचीच वापरली. अर्थ वाचायचा आणि मिटायची. अर्थ कळायला सोपे असतात, कारण अशा कोशांत व्याख्या ठरावीक दोन-तीन हजार शब्दांतच लिहायची पद्धत आहे. पण खरा माल शब्दापुढच्या कंसात असतो. नामापुढे 'सी' असेल तर ते मोजता येणारं, 'यू' असेल तर न येणारं. क्रियापदापुढे कर्म लागतं की नाही ते, आणि ठळक अक्षरांत त्याच्यामागून कोणता शब्द येतो ते. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' सगळे 'यू'. हे कळल्यावर जुने मेल चाळले तर एकाच आठवड्यात सहा वेळा 'इक्विपमेंट्स'.

हा कोशप्रकार परभाषकांसाठीच घडला आहे. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली तोक्योत निघाला. मराठीसारखीच जपानीतही 'अ', 'द' ही आर्टिकलं नाहीत, एकवचन-अनेकवचनाचा आग्रह तर आपल्याहून कमी. ते 'सी' आणि 'यू' कुणाची अडचण बघून आले असतील, याचा अंदाज येतो.

तिसऱ्या महिन्यापासून चुकांची वही ठेवली. 'डिस्कस'ला मी 'अबाउट' जोडायचे, कारण मनात 'त्याविषयी' असायचं. 'मॅरी'ला 'विथ', कारण लग्न कुणा'शी' तरी होतं. 'एक्स्प्लेन मी' म्हणायचे, कारण 'मला समजाव'. आणि नेमका तिथेच 'टू' हवा! दोन पानं भरल्यावर लक्षात आलं, इंग्रजी शब्द मला येत होते. त्यांना चिकटून 'ला', 'शी', 'विषयी' येत होते, ते दिसत नव्हते. द्विभाषी कोशात हे दिसणारही नाही, तिथे 'चर्चा करणे' एवढंच लिहिलेलं असतं.

सर्वांत जास्त वेळ 'पासून'ने खाल्ला. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', मराठीला दोन्हीकडे एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', गेलेला काळ मोजायचा तर 'फॉर'. वर क्रियापदही बदलतं: आपण 'दोन वर्षांपासून काम करतेय' म्हणून मोकळे होतो, तिथे 'हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' लागतं. लिहिताना आता जमतं. बोलताना अजूनही 'सिन्स टू इयर्स' निसटतं.

'से' आणि 'टेल'मधला फरक सांगणारी कोशातली चौकट उत्तम. 'टेल'ला ऐकणारा लागतो, 'से'ला नसला तरी चालतं; प्रश्न मिटला. 'प्रीपोन' सापडला, 'इंडियन इंग्लिश' असा शेरा घेऊन, तेव्हा उगाच बरं वाटलं.

तक्रारी आहेतच. आर्टिकलांसाठी कोशाचा उपयोग नाही. 'द'ची नोंद वाचताना सगळं पटतं, लिहायला बसलं की हात अडतो. 'द' लागतो की नाही हे आधीच्या वाक्यात काय येऊन गेलं त्यावर ठरतं, आणि कोशाला माझं आधीचं वाक्य माहीत नसतं. त्यासाठी व्याकरणाचं सरावपुस्तकच लागतं. छापील प्रतीचं अक्षर बारीक आहे. ॲपमध्ये त्या चौकटी एका बटणामागे दडवल्यात, ते बटण सापडायलाच मला महिना लागला. उच्चार मात्र ॲपवरच ऐकावेत. 'डेव्हलप'चा जोर दुसऱ्या अक्षरावर असतो, मी इतकी वर्षं पहिल्यावर देत होते.

अगदी नव्याने शिकणाऱ्याने आधी द्विभाषी कोशच घ्यावा. वाचलेलं समजतं पण लिहिताना अडतं, अशांनी हा घ्यावा. माझी दुसरी वही सुरू आहे. तिची पहिली चार पानं एकट्या 'टू'ने खाल्ली आहेत, कारण 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' नाही, 'मीटिंग' येतं.