फेडोरावर फायरफॉक्समध्ये व्हिडिओ: सात महिने वापरल्यानंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीपासून माहीत होतं आणि आमचा लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय५, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसतच नाही. ८ जीबी रॅम, एसएसडी, कीबोर्ड धडधाकट, असं चालतं मशीन अडगळीत टाकायला जीव होईना म्हणून जुलैमध्येच त्यावर फेडोरा ४२ टाकलं, ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक फुकट सिस्टीम. मी इथे फक्त व्हिडिओबद्दल लिहितेय कारण आमच्या घरी लॅपटॉपचं निम्मं काम तेच आहे. भाचा आमच्याकडे राहून एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याची रेकॉर्डेड लेक्चर्स रोज चार-पाच तास चालू असतात.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूट्यूब मस्त चाललं, आणि क्लासच्या साइटवरचं लेक्चर उघडलं तर नुसती काळी चौकट, त्यात इंग्रजीत एवढंच लिहिलेलं की चालेल असा फॉरमॅट सापडला नाही. क्लासच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे विंडोज वापरा, विषय संपला. भाचा म्हणाला, "मावशी, नेट स्लो असेल." पण नेट स्लो असतं तर यूट्यूब तरी कसं चाललं असतं? मग क्रोम टाकून तेच लेक्चर लावलं, तिथे लगेच चाललं. म्हणजे फाइल चांगली, नेट चांगलं, अडतंय ते फायरफॉक्स आणि सिस्टीम यांच्यात कुठेतरी.

कारण कळलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कारण त्यानंतर अंदाजपंचे काही करावं लागलं नाही. यूट्यूब फायरफॉक्सला बहुतेक वेळा व्हीपी९ नाहीतर एव्ही१ देतं, हे दोन्ही फुकट वापरता येणारे कोडेक (म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या आणि परत उलगडायच्या पद्धती), ते वाचायची सोय फायरफॉक्सच्या आतच असते. क्लासचं लेक्चर मात्र साधं एमपी४, म्हणजे आत एच.२६४, आणि त्यावर पेटंट आहेत. लिनक्सवर फायरफॉक्स एच.२६४ स्वतः वाचत नाही, सिस्टीममधल्या एफएफएमपेग या व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवतो, आणि पेटंटमुळेच फेडोरासोबत येणारं एफएफएमपेग हे 'एफएफएमपेग-फ्री' नावाचं काटछाट केलेलं असतं. फेडोराने हे लपवलेलं नाही, कायद्याचं बंधन आहे आणि ते पाळतात. पूर्ण एफएफएमपेग 'आरपीएम फ्यूजन' नावाच्या वेगळ्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यात, मिळतं. ती जोडायची, मग डीएनएफ या फेडोरात सॉफ्टवेअर बसवणाऱ्या टूलच्या स्वॅप (अदलाबदल) कमांडने 'फ्री' वालं काढून पूर्ण वालं बसवायचं, फायरफॉक्स बंद करून परत उघडायचा, झालं. दहा मिनिटांचं काम. नुसतं इन्स्टॉल करायला गेलात तर दोन्ही पॅकेजेस एकमेकांना आडवी येतात, म्हणून स्वॅपच करा.

लेक्चर चाललं आणि आम्ही खूश, पण अर्ध्या तासात फॅन असा घोंघावायला लागला की शेजारच्या खोलीत ऐकू येईल, आणि सोलापूरचा उकाडा, मांडीवर लॅपटॉप ठेवणं शक्यच नाही. व्हिडिओ दिसतोय एवढ्यावर समाधान मानू नका हो, तो कोण उलगडतंय ते बघा. सगळं काम सीपीयू करत होता, ग्राफिक्स चिप नुसती बसून. मग आरपीएम फ्यूजनच्या नॉनफ्री भागातलं 'इंटेल-मीडिया-ड्रायव्हर', म्हणजे हे काम ग्राफिक्स चिपकडून करून घेणारं ड्रायव्हर, टाकलं आणि एकदा रीस्टार्ट केलं.

हे झालं की नाही ते डोळ्यांनी बघता येतं. 'इंटेल जीपीयू टॉप' नावाचं छोटं टूल आहे, टर्मिनलमध्ये सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवायचं. त्यात 'व्हिडिओ' अशी एक ओळ असते, आधी लेक्चर चालू असतानाही तिथे शून्यच दिसायचं, आता लेक्चर लावलं की आकडा हलतो आणि पॉज केलं की परत शून्यावर येतो. भाच्याला मी हे तीनदा पॉज करून दाखवलं. फॅन पाचेक मिनिटांत शांत झाला, आणि लाइट गेल्यावर आधी बॅटरीवर एक लेक्चर जेमतेम पुरं व्हायचं तिथे आता दोन होतात.

यात एक धोका सांगते. नेटवर जुने सल्ले खूप आहेत, अबाउट-कॉन्फिगमध्ये, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर, हे ट्रू करा ते फॉल्स करा. इंटेल ग्राफिक्स असेल तर फायरफॉक्स ११५ पासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपने व्हिडिओ उलगडणं) आपोआप चालू असतं, काही करायची गरज नाही. मी सुरुवातीला चार सेटिंग्ज बदलून ठेवल्या होत्या, नंतर सगळ्या जागच्या जागी आणल्या आणि काही बिघडलं नाही. फ्लॅश प्लगइन टाका म्हणणारा लेख दिसला तर सरळ बंद करा, फ्लॅश २०२० च्या शेवटी संपलं.

एकच सेटिंग मी ठेवलीय, आणि ती आमच्या मशीनपुरती आहे. यूट्यूबवर काही व्हिडिओंना फॅन शांत तर काहींना परत सुरू, हे महिनाभर कोडं होतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं तर उलगडा झाला, ज्यांना फॅन फिरायचा ते सगळे एव्ही१ वाले. सातव्या जनरेशनची चिप व्हीपी९ उलगडू शकते, एव्ही१ नाही, ते इंटेलमध्ये अकराव्या जनरेशनपासून आलं. मग फायरफॉक्समध्ये एव्ही१ बंद करून टाकलं, यूट्यूब मुकाट्याने व्हीपी९ देतं, चित्रात मला तरी फरक दिसत नाही. तुमचं मशीन नवीन असेल तर हे अजिबात करू नका.

ओटीटीचं म्हणाल तर फायरफॉक्स डीआरएमची (व्हिडिओ कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या कुलपाची) परवानगी मागतो, दिली की ते कुलूप उघडणारं वाइडवाइन स्वतःच उतरवून घेतो आणि सिनेमा चालतो. पण लिनक्सवर वाइडवाइनची खालची पातळीच मिळते, त्यामुळे काही सेवा पूर्ण एचडी देत नाहीत. आम्ही सिनेमे टीव्हीवर बघतो म्हणून मला अडलं नाही, पण ज्यांचा तोच मुख्य वापर आहे त्यांनी हे आधी धरून चालावं.

नोव्हेंबरमध्ये फेडोरा ४३ वर गेलो, व्हिडिओ जसाच्या तसा राहिला. मध्ये एकदा अपडेट करताना एफएफएमपेगच्या व्हर्जनवरून डीएनएफ अडून बसलं, फेडोराचं पॅकेज पुढे गेलेलं आणि आरपीएम फ्यूजनचं मागे. अशा वेळी जबरदस्तीने काही काढू-टाकू नका, मी दोन दिवस थांबले आणि परत अपडेट दिलं तर सगळं सुरळीत गेलं. आता भाचा लेक्चर दीडपट स्पीडने लावतो तरी फॅनचा आवाज येत नाही.