बाइकच्या टाकीच्या रंगाला स्प्रे कॅन की टू-के?

साइड पॅनल, चेनकव्हर एवढंच असेल तर स्प्रे कॅन पुरे. टाकीला मात्र टू-के (दोन भाग मिसळून मारायचा) क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थरच मारा. कॅनमधल्या साध्या लॅकरवर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो. झाकणाभोवती सुरकुत्या येतात, रंग बोटाला चिकटतो. टू-केमध्ये हार्डनर असतो (बहुधा दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर, तरी डबा वाचा), म्हणून पेट्रोलला दाद देत नाही. पण त्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असतं. रुमाल बांधून भागत नाही, योग्य कार्ट्रिजचा मास्क हवा. बंद खोलीत तर नकोच.

तयारी दोन्हीला तीच: गंज काढा, प्राइमर, मग 600 चा वॉटर पेपर. कॅन 25 सेंमीवरून, पातळ तीन हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. घाई केली की ओघळ ठरलेला.

कोल्हापूरच्या जुलैत हे काम काढूच नका, दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. टू-के मारायला कॉम्प्रेसर नसेल तर टाकी तेवढी उद्यमनगरात (कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत) द्या.