पोस्टफिक्सची एसईलिनक्स पॉलिसी: पॉलिसी चोख, लेबलांची बोंब

मेल सर्व्हर अडला की इंटरनेटवर मिळणारा पहिला सल्ला असतो 'सेटएनफोर्स 0', म्हणजे एसईलिनक्सला (कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या पहारेकऱ्याला) नुसतं बघत बसवा, अडवू देऊ नका. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 9 आणि त्याच्या रॉकी, अल्मा या भावंडांत पोस्टफिक्स या मेल सर्व्हरसाठी जी पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची नियमावली, तयार येते, ती पाहिली तर या सल्ल्याची कीव येते. पाचपैकी चार गुण बिनदिक्कत द्यावेत इतकी ती बारकाईने लिहिलेली आहे.

पोस्टफिक्स मुळातच लहान लहान प्रोसेसमध्ये विभागलेला. पॉलिसीने तीच विभागणी उचलून जवळपास प्रत्येकाला वेगळं डोमेन, म्हणजे परवानग्यांची स्वतंत्र चौकट, दिलंय. 'पीएस -ईझेड' चालवा: बाकीच्यांना उठवणारा मास्टर 'पोस्टफिक्स_मास्टर_टी'मध्ये, रांग सांभाळणारा क्यूएमजीआर आणि नवं मेल उचलणारा पिकअप आपापल्या डोमेनमध्ये. एसएमटीपीडी मात्र बाहेरून कनेक्शन येईपर्यंत यादीत दिसत नाही. घाबरू नका, मास्टर त्याला गरजेपुरताच उठवतो. म्हणजे पोर्ट 25 वर जगाशी बोलणारा एसएमटीपीडी कुणी फोडला, तरी त्याच्या हातात लोकांच्या मेलबॉक्स लागत नाहीत.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा लेबलात, म्हणजे एसईलिनक्सने प्रत्येक फाइलला लावलेल्या खुणेत. मेल '/एसआरव्ही/व्हीमेल'मध्ये ठेवायचं ठरवलं की त्या डिरेक्टरीला 'व्हार_टी' हे मोघम लेबल मिळतं आणि व्हर्च्युअल डिलिव्हरी 'परमिशन डिनाइड' म्हणून थांबते. मेल लॉग एसईलिनक्सचं नावसुद्धा घेत नाही, म्हणून माणूस तासभर सीएचमॉडने साध्या परवानग्या बदलत बसतो. इथे 'ऑडिटटूअलाऊ' (नकारांच्या नोंदींवरून परवानगीचे नियम लिहिणारं साधन) चालवलंत, तर ते प्रामाणिकपणे 'व्हार_टी'वर लिहिण्याची परवानगी लिहून देईल. पण 'व्हार_टी' हे लेबल व्हीमेलपुरतं नसतं, ते इतरही बऱ्याच फायलींवर असतं. एका डिरेक्टरीसाठी सगळा वाडा उघडा पडतो. बरोबर उपाय दोन ओळींचा, पहिली योग्य लेबल नोंदवते, दुसरी ते फायलींना लावते:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी मेल_स्पूल_टी '/एसआरव्ही/व्हीमेल(/.*)?'
रिस्टोरकॉन -आरव्ही /एसआरव्ही/व्हीमेल

लोकांना मेलबॉक्स वाचायला देणाऱ्या डव्हकॉटलाही हेच लेबल चालतं. 'सीएचकॉन'ने थेट लेबल बदलूनही काम भागतं, पण पुढच्या रीलेबलमध्ये ते पुसलं जातं. 'सेमॅनेज' सापडत नसेल तर 'पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स' हे पॅकेज टाका.

दुसरा सापळा 'एमव्ही'चा. 'सीपी'ने केलेली नवी फाइल नव्या जागेचं लेबल घेते, 'एमव्ही' मात्र जुनं लेबल सोबत नेतो. रूटच्या होममध्ये पोस्टमॅपने पत्त्यांचा तक्ता बनवून ती 'व्हर्च्युअल.डीबी' '/ईटीसी/पोस्टफिक्स'मध्ये हलवली, की 'एलएस -एल'मध्ये मालक रूट, 644, सगळं सोज्वळ. 'एलएस -झेड'मध्ये मात्र 'पोस्टफिक्स_ईटीसी_टी'ऐवजी 'अ‍ॅडमिन_होम_टी'. टीएलएस सर्टिफिकेटांचीही हीच कथा. उतारा तोच, रिस्टोरकॉन.

पोर्टांच्या बाबतीत पॉलिसी समंजस आहे. 25, 465, 587 आधीच 'एसएमटीपी_पोर्ट_टी'त आहेत, मेल तपासणाऱ्या अमाविसकडून परत येणाऱ्या मेलसाठी 10025 वर ऐकायचीही मुभा आहे. 2525 उघडायचा असेल तर मास्टर बाइंड करतानाच पडतो:

सेमॅनेज पोर्ट -ए -टी एसएमटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी 2525

पीएचपीतून मेल जात नसेल आणि लॉगमध्ये पोस्टड्रॉप 'मेलड्रॉप'मध्ये फाइल बनवता येत नाही म्हणून रडत असेल, तर 'सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_सेंडमेल ऑन' पुरतं. लोक सवयीने 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट'ही चालू करतात. नको. पहिल्याच स्विचमध्ये एसएमटीपी पोर्टांशी बोलण्याची परवानगी येते.

एक गुण कापला तो 'पाइप'साठी, म्हणजे मेल बाहेरच्या स्क्रिप्टकडे देणाऱ्या भागासाठी. तिथे तुमची स्क्रिप्ट 'पोस्टफिक्स_पाइप_टी'च्या चौकटीत धावते आणि स्वतःचा डेटाबेस उघडायला गेली की अडते. इथे खरोखर स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे पॉलिसीला जोडायचा नियमांचा जादा तुकडा, लागतं. ते लिहिण्याआधी फक्त तेवढंच डोमेन सैल करा: 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए पोस्टफिक्स_पाइप_टी'. मग चार-सहा प्रकारचे मेल पाठवून 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट'चं आउटपुट (एव्हीसी म्हणजे एसईलिनक्सच्या नकाराची नोंद) कारण सांगणाऱ्या 'ऑडिटटूव्हाय'ला द्या. नकार आहे पण लॉगमध्ये काहीच नाही, असं झालं तर 'सेमॉड्यूल -डीबी'ने डोन्टऑडिट नियम (काही नकारांची नोंदच होऊ न देणारे) बंद करून बघा, काम झालं की 'सेमॉड्यूल -बी'ने परत चालू करा. तरीही एव्हीसी नसेल, तर दोष साध्या युनिक्स परवानग्यांचा. कर्नल त्या आधी तपासतो आणि तिथेच अडलं तर एसईलिनक्सपर्यंत गोष्ट जातच नाही.

ऑडिटटूअलाऊने बनवलेली '.टीई' फाइल वाचल्याशिवाय लोड करू नका. त्यात 'व्हार_टी', 'ईटीसी_टी' किंवा 'टीएमपी_टी' दिसलं, तर मॉड्यूल बाजूला ठेवून आधी लेबल दुरुस्त करा.

आणि काम संपल्यावर 'सेमॅनेज परमिसिव्ह -डी पोस्टफिक्स_पाइप_टी' आठवणीने चालवा. ते राहिलं, तर 'गेटएनफोर्स' वर्षभर 'एनफोर्सिंग' म्हणत राहील आणि पाइपचं दार सताड उघडं असेल.