'यू' पाहायची की 'बेबी रेनडिअर'?

सोयाबीन निघालं होतं, कापसाच्या सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, अजून अवकाश होता, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. "मावशी, नेटफ्लिक्सचे एकाच महिन्याचे पैसे भरले. यू पाहू का बेबी रेनडिअर?"

दोन्ही माणसाचा पिच्छा पुरवणाऱ्यांच्या मालिका, आणि दोन्ही मी पाहिल्या आहेत. घरचे झोपल्यावर, मोबाइल पाण्याच्या गुंडाला टेकवून, कानात इयरफोन घालून. बैठकीतल्या टीव्हीवर यातली एकही लावू नका, पहिल्याच भागात रिमोट शोधत बसाल.

'यू' 2018 ते 2025 अशी चालली. पाच सीझन, प्रत्येकी दहा भाग. 'बेबी रेनडिअर' 2024 ची, सगळे मिळून सात भाग, दोन रात्रीत संपते. महिन्याच्या पैशाचा हिशेब करणाऱ्याला 'यू' जास्त परवडते. पण पुस्तकाच्या दुकानातला 'जो गोल्डबर्ग' हा नायक पहिल्या सीझनला एका मुलीच्या मागे लागतो, तेच पुढे गाव बदलून करतो: न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, लंडन. पहिले दोन सीझन पकडून ठेवतात. तिसऱ्यापासून मी मधूनमधून भाजी निवडत पाहिली.

'यू'ची खरी करामत म्हणजे जोचा आवाज. तो सतत मनातल्या मनात त्या मुलीशी (पहिल्या सीझनला ती बेक) बोलतो, "तू" म्हणून, आणि आपण त्याच्याच डोक्यात बसून ऐकतो. पहिला भाग चालू असताना आई पाणी प्यायला उठली आणि माझ्या मागे उभी राहिली. बेकच्या खिडकीला पडदा नाही, जो डोक्यावर टोपी चढवून रस्त्याच्या पलीकडून तिला न्याहाळतोय. आई म्हणाली, "हे पोट्टी पडदा काहून नाही लावत बाप्पा?" माझ्याही मनात अगदी तेच आलं होतं. चोर रस्त्यावर उभा, आणि आमच्या घरातल्या दोन बायका मुलीचा गुन्हा शोधत होत्या! मालिका हे मुद्दाम करवून घेते. पण सगळ्यांनाच तो चिमटा बसत नाही. जोचं काम करणारा पेन बॅजली इतका देखणा आहे की 2019 मध्ये एकीनं त्याला ट्विटरवर "मला पळवून ने" असं लिहिलं होतं, आणि त्यानं "नको, धन्यवाद" म्हणून विषय संपवला.

मला तो देखणा वाटला नाही. आर्वीला कॉलेजला जायची तेव्हा एक जण रोज गाडीत माझ्या मागच्या सीटवर बसायचा. त्याला कॉलेज नव्हतं, काम नव्हतं. तो बोलायचा काहीच नाही. पानठेल्यावरचे म्हणायचे, "जीव लावते बिचारा." घरी सांगितलं असतं तर गाडी बंद झाली असती, त्याची नव्हे, माझी. म्हणून मी वर्षभर तोंड उघडलं नाही.

म्हणूनच 'बेबी रेनडिअर'चा पहिलाच प्रसंग मला लागला. डॉनी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जातो आणि समोरचा विचारतो, इतके दिवस का थांबलात? पुढचे सात भाग म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. इथे मागे लागणारी बाई आहे, मार्था. डॉनी लंडनच्या एका पबमध्ये कामाला. ती येते, चहाचेही पैसे नाहीत म्हणते, तो फुकट चहा पाजतो. एवढंच. पुढे 41,071 ईमेल आणि 350 तासांचे व्हॉइसमेल. रात्रंदिवस ऐकत बसलं तरी चौदा दिवस पुरतील! ईमेलखाली "आयफोनवरून पाठवलं" असं असतं, तेही चुकीच्या स्पेलिंगमध्ये, आणि आयफोन तिच्याकडे नाहीच. हसू येतं, मग लाज वाटते. रिचर्ड गॅडनं हे स्वतःवर बेतलेलं लिहिलं आणि डॉनीही स्वतःच केला. तो स्वतःला सोडत नाही: तिचं लक्ष आपल्याला हवंसंही वाटत होतं, हे तो कबूल करतो. जेसिका गनिंगची मार्था तर विसरता येत नाही.

चौथा भाग मात्र सांभाळून. त्यात लैंगिक अत्याचार आहे आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही. शिवाय मालिका आल्यावर प्रेक्षकच खऱ्या मार्थाला इंटरनेटवर हुडकत सुटले. गॅडला 'थांबा' म्हणावं लागलं. पाठलागाची मालिका पाहून पाठलागच.

आपल्याकडे डॉनीचं आणखी अवघड झालं असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पुरुषानं बाईचा पाठलाग केला तरच लागतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि जामीन, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा जामीन हक्कानं मिळत नाही.

एक गोष्ट भाचीला लिहिली नाही, तिला ठाऊक आहे. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या मुलीला मागे लागलेल्या माणसानं भररस्त्यात पेटवलं. आठवड्याभरात नागपूरच्या दवाखान्यात तिचा जीव गेला. तेव्हा माझा 'यू'चा दुसरा सीझन अर्ध्यावर होता. जोचा तो गोड आवाज कानात सुरू झाला आणि मी इयरफोन काढून ठेवला. दोन महिने लावला नाही.

तर भाचीला लिहिलं: आधी 'बेबी रेनडिअर'. स्कॉटिश उच्चार कळत नाहीत, सबटायटल लाव. वेळ उरला तर 'यू'चा पहिला सीझन, आणि पाहताना जोच्या बाजूनं मन गेलं की थांबवून मला फोन कर. हिंदीतच काही हवं असेल तर 'ये काली काली आँखें' आहे, त्यातही बाईच मागे लागते, पण तो मसाला वेगळा.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं: "चौथा भाग मी दिवसा पाहीन. तू फोन जवळ ठेवजो."